कासवाचा किनारा कुठून सुरू होतो?

हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरच्या शिवारात पडलेलं पाणी ओढ्यानाल्यांतून वाहत शेवटी गोदावरीलाच मिळतं आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाजवळच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवं अंडी घालतात. हिंगोली जिल्ह्याचा कासवाशी संबंध काय, असं विचारणाऱ्याला हे लांबून जोडलेलं नातं वाटेल. पण कासवाची सारी चर्चा आपण किनाऱ्याच्या अरुंद पट्ट्यात कोंडून ठेवली आहे, आणि त्याचं मरण मात्र त्या पट्ट्याबाहेर ठरतं.

किनाऱ्यावरचं काम थोर आहे, यात शंका नाही. भारताच्या समुद्रात सागरी कासवांच्या पाच जाती आढळतात. महाराष्ट्रात अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले. रात्री मादी वर येते, मागचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीने चालवून सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि अंगाने ठोकून ठोकून ती दाबून बसवते. मग समुद्रात जाते. पिल्लांचं तोंड ती पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसं काढून नेत, उरलेली कोल्हीकुत्री उकरत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने वेळासच्या गावकऱ्यांना सोबत घेऊन ती कुंपणात हलवायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुण्यांना घरं उघडली गेली आणि कासव जपण्यात गावाचा चार पैशांचा फायदाही झाला.

तरीही एवढ्याने भागत नाही. १९८७ साली अमेरिकेत लॉगरहेड कासवांचं गणित मांडलं गेलं. अंडी शंभर टक्के वाचवली, पण मोठी कासवं मरतच राहिली, तर संख्या घटतच जाते, असं त्यातून दिसलं. कारण उघड आहे. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि तिथवर फार थोडी पोचतात. पोचलेली मादी पुढे अनेक वर्षं अंडी देणार असते. तासन्‌तास ओढल्या जाणाऱ्या ट्रॉलच्या जाळ्यात ती अडकली, की श्वासासाठी वर येता येत नाही आणि ती गुदमरून मरते.

यावर उपाय आहे. जाळ्यात गजांची तिरकी जाळी आणि तिच्याजवळ झडप बसवायची. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव घसरून झडपेतून बाहेर पडतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींसाठी तिचा नमुना तयार केला आहे. मच्छीमार म्हणतो, झडपेतून माझी मासळीही जाते. ही तक्रार खरी आहे, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला उपदेश करून ती मिटत नाही. अशी जाळी न लावता पकडलेल्या कोळंबीवरच्या अमेरिकेच्या आयातबंदीविरुद्ध भारत जागतिक व्यापार संघटनेत गेला होता, तोही याच वादात. परक्याने आपल्या जाळ्याचा कायदा ठरवावा, हे खटकणं स्वाभाविक होतं. पण कासव आपलंच आहे. म्हणून नुकसानीचा वाटा समाजाने उचलावा. कासवासारखा संरक्षित जीव सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची महाराष्ट्राची २०१८ ची योजना या दिशेने पडलेलं योग्य पाऊल आहे. तीच उदारता झडपेच्या जाळीलाही मिळायला हवी.

कोणी म्हणेल, पश्चिम किनाऱ्याचं कासव वेगळं, पूर्वेचं वेगळं. कोकणाने आपलं पाहावं. पण २०२१ साली ओडिशात खुणेची पट्टी लावलेली मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन्ही किनारे तिला एकाच समुद्राचे.

राहिला प्रश्न वाळूचा. खड्डा टिकायला वाळू लागते आणि गोदावरीच्या मुखाची वाळू नदीनेच आणलेली असते. येलदरी आणि सिद्धेश्वरसारखी, गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेवरची धरणं पाणी देतात, पण गाळ अडवतात. वर पात्रातून वाळूचा बेसुमार उपसा चालतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशाची किनारपट्टी जागोजाग झिजते आहे. धरणं पाडा, असं कोणी शहाणा म्हणणार नाही. मराठवाड्याला पाणी हवंच. पण उपशाला मर्यादा घालणं जिल्ह्याच्या हातात आहे. वाळू गेली की विहिरींचं पाणीही खाली जातं, म्हणजे हा हिशेब कासवाच्या आधी शेतकऱ्यालाच चुकवावा लागतो. वाळूच्या लिलावाची चर्चा होते तेव्हा समुद्राकडे जाणाऱ्या या वाळूचाही विचार व्हावा, ही मागणी हिंगोलीतूनच उठायला हवी.