मिताहार कोणाचा?

दीर्घायुष्य सर्वांसच हवें असतें. परंतु अंथरुणाला खिळून काढावयाचीं दहा वर्षें कोणीहि मागत नाहीं. म्हणून आयुष्यांतील निरोगी काळ कसा वाढेल, इकडे शास्त्रज्ञांचें लक्ष आहे. या संशोधनांतून निघालेला ‘थोडें खा, पुष्कळ जगा’ हा उपदेश आज घरोघर ऐकूं येतो. तो कोणास लागू आणि कोणास नाहीं, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

अमेरिकेंतील कॉर्नेल विश्वविद्यालयांत क्लाइव्ह मॅके यांनीं १९३५ सालीं असें दाखविलें कीं, पोषक द्रव्यें पुरीं ठेवून केवळ उष्मांक घटविले, तर उंदीर बरेच अधिक जगतात. अन्न कमी झालें कीं पेशी वाढीचें काम आवरतें घेते व आपल्यांतील जीर्ण भाग मोडून त्यांचाच पुन्हा उपयोग करते. या क्रियेच्या यंत्रणेच्या शोधाबद्दल जपानचे योशिनोरी ओसुमी यांस २०१६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. माकडांवरील दोन दीर्घ प्रयोगांचे निष्कर्ष मात्र प्रथम जुळेनात. अल्पाहाराचा लाभ वयावर व आहाराच्या स्वरूपावर अवलंबून असतो, असें दोन्ही संशोधक-गटांनीं २०१७ सालीं एकत्र विचारांतीं सांगितलें.

हें वयाचेंच कलम आम्हांस महत्त्वाचें वाटतें. उतारवयांत स्नायू झिजतात, तोल सुटतो आणि एका पडण्यानें मांडीचें हाड मोडून माणूस कायमचा परावलंबी होतो. आमच्या घरांतील आजीबाई एकादशी, सोमवार, चातुर्मासांतील एकभुक्त सारें पाळतात. शिवाय सर्वांचीं पानें उठल्यावर उरेल तें खातात. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट! हा मॅके यांचा मिताहार नव्हे. तेथें पोषक द्रव्यें पुरीं होतीं, येथें तींच अपुरीं पडतात.

वृद्धांस वजनाच्या दर किलोमागें रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनें मिळावींत, असें तज्ज्ञांनीं २०१३ सालीं सुचविलें. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस विचारावें. व्यायामासहि वय आड येत नाहीं. बॉस्टन येथें नव्वदीच्या सुमाराच्या दुर्बल वृद्धांस आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम दिला. तो पुरा करणाऱ्या नऊ जणांच्या पायांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें, असें १९९० सालीं प्रसिद्ध झालें.

तेव्हां मिताहार हवा तो भरल्या ताटावर बसणाऱ्या प्रौढ मंडळींस. आजीबाईंचें व्रत त्यांनीं खुशाल पाळावें. पण पारण्याच्या दिवशीं उसळ, दाट वरण व दहीं प्रथम त्यांच्या पानांत पडावें, याची काळजी सूनबाईंनीं आणि तितकीच चिरंजीवांनीं वाहावी.