लंडनचं वार्तापत्र : पंगतीतले बॅरिस्टर

चॅन्सरी लेन स्टेशनातून वर आलं की रस्त्याच्या गोंगाटातून एका बोळाने ग्रेज इनमध्ये शिरता येतं. गिरगावातल्या एखाद्या वाडीत शिरल्यावर जशी एकदम शांतता लागते, तशीच इथेही. ‘इन’ म्हणजे खानावळ नव्हे, पण जेवणाशी तिचा संबंध आहेच. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर चारपैकी एका इनचं सभासद व्हावं लागतं. पूर्वी परीक्षांबरोबर तिथल्या हॉलमध्ये ठरावीक जेवणंही जेवावी लागत. ज्येष्ठांच्या पंगतीला बसून धंद्याची रीत अंगी मुरावी, ही कल्पना.

परळच्या बीआयटी चाळीतले भीमराव आंबेडकर १९१६ साली इथे दाखल झाले. बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यावर परतले, १९२० मध्ये पुन्हा आले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्या दिवसांत रात्रीची भूक ते पापडावर भागवत, असं चरित्रकार सांगतात. ते जेवले तो हॉल पुढे १९४१ च्या बॉम्बफेकीत जळाला. आज दिसतो तो नव्याने उभारलेला.

इथली आणखी एक रीत मुंबईकरांनी समजून घ्यावी. अशील आधी सॉलिसिटरकडे जातो आणि सॉलिसिटर बॅरिस्टरला ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, देतो. आता थोडी सूट आहे, पण मूळ चाल तीच. इंग्रजांनी ती मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे थेट दाखल होणाऱ्या दाव्यांच्या शाखेत, जशीच्या तशी नेली. १९२३ मध्ये आंबेडकरांनी सनद काढली, तीही मित्र नवल भथेनांच्या मदतीने. पण अस्पृश्य बॅरिस्टरला ब्रीफ देणार कोण? लंडनमध्ये निव्वळ सोयीची वाटणारी ही साखळी फोर्टात जातीचं फाटक झाली. मग सॉलिसिटरशिवाय चालणारी अपिलं, जिल्ह्यांतली कोर्टं, पोटासाठी व्यापारी कायद्याची शिकवणी आणि परळच्या दामोदर हॉलमधली कचेरी.

कायदे करायला मात्र सॉलिसिटरची चिठ्ठी लागत नाही. मुंबई विधिमंडळ, मग घटना समिती, पुढे कायदामंत्रिपद. तो प्रवास तुम्हाला ठाऊक आहे.

इथल्या ओळखीच्यांना एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगावी लागते. मसुदा समितीचा हा अध्यक्ष १९५२ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीत उत्तर मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरला. ब्रिटनमध्ये पडलेल्या पुढाऱ्याला सरकार नेमणुकीने उमराव सभेत बसवू शकतं. आंबेडकर राज्यसभेत गेले ते मुंबई राज्याच्या आमदारांच्या मतांवर, आणि १९५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होते. मला हा फरक मोठा वाटतो.

विद्यार्थिदशेत ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलं. लंडनला आलात तर जरूर बघा. चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येतं.