धुरजड गाडीचा मागचा पंख

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका दुकानात भाच्याची सेडान उभी होती. कारागिराने डिकीच्या झाकणावर पेन्सिलीने दोन खुणा करून ठेवल्या होत्या, ड्रिल हातात होतं. भाचा म्हणाला, "मामा, स्पॉयलर बसवला की मागून दाब येतो, गाडी रस्त्याला चिकटून चालते." मी विचारलं, "तुझी गाडी ओढतात पुढची चाकं. दाब मागे देऊन त्यांचं काय भलं होणार?" तो गप्प झाला. पण घरी आल्यावर नीट विचार केला, तेव्हा माझा प्रश्नही अर्धाच होता हे लक्षात आलं.

प्रवरेकाठच्या उसाच्या गाडीवानांकडे यासाठी दोन नेमके शब्द आहेत. ओझं पुढे जास्त झालं आणि बैलांच्या मानेवर भार आला, तर गाडी धुरजड झाली. मागे जास्त झालं आणि जू वर उचललं जाऊन बैलांचा गळा आवळू लागला, तर गाडी उलाळ झाली. आपल्या बहुतेक घरगुती मोटारी जन्मतःच धुरजड आहेत. अँबॅसिडर आणि पद्मिनीत इंजिन पुढे, पण ताकद लांब दांड्याने मागच्या चाकांना जायची. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं आणि ताकद थेट पुढच्या चाकांना. आज लहान मोटारींत हीच रचना रुळली आहे. रिकाम्या गाडीचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. ओढणाऱ्या चाकांवर भार आयताच आहे. हलकं राहतं ते मागचं अंग.

आता हवेकडे येऊ. वळवाच्या वादळात घरावरचे पत्रे का उडतात? छपरावरून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, खालचा जास्त राहतो आणि पत्रा वर उचलला जातो. मोटारीचं छप्पर असंच फुगीर, मागे उतरतं. वेग वाढला की मागचं अंग किंचित वर ओढलं जातं. डिकीच्या कडेची उभी पट्टी म्हणजे खरा स्पॉयलर. तो उतरत्या काचेवरून घसरत येणाऱ्या हवेची ती चाल मोडतो, म्हणून उचल कमी होते. दोन खांबांवर उभा असतो तो पंख. विमानाचा पंख उलटा बसवावा तसा तो हवेला वर ढकलतो आणि स्वतः खाली दबतो. दुकानात दोघांनाही स्पॉयलरच म्हणतात.

दाब किती येतो, ते मी कागदावर मांडून पाहिलं. पंख 120 सेंटिमीटर लांब, 17 सेंटिमीटर रुंद, आकार बऱ्यापैकी आणि त्याच्यावर येणारी हवा स्वच्छ, असं धरलं. ताशी 80 किलोमीटरला सुमारे 3 किलो दाब मिळतो. 120 ला साडेसहा, 160 ला जेमतेम 12. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, पण सुरुवातच इतकी लहान की चौपट होऊनही साखरेच्या एका पोत्याच्या पाव वजनाला येतो. तोही पंख चांगला असेल तर. सेडानच्या डिकीवर हवा बऱ्याचदा आधीच विस्कटलेली असते, त्यात बुटका शोभेचा पंख यातलं थोडंच देतो.

शिवाय पंख मागच्या चाकांच्याही मागे असतो. उलाळ गाडीचाच हिशेब. 120 च्या वेगाला मागे साडेसहा किलो दाबले, तर पुढच्या, म्हणजे ओढणाऱ्या चाकांवरचे दोनेक किलो उलट कमी होतात. चिखलात पुढची चाकं फिरत राहिली की पंख काडीच्याही कामाला येत नाही. तिथे तर वेगच नसतो.

मग पुढून ओढणाऱ्या गाडीला स्पॉयलर निरर्थकच का? तसं नाही, आणि माझा प्रश्न अर्धा होता तो इथे. 1998 मध्ये युरोपात ऑडी टीटी ही देखणी गाडी बाजारात आली. पुढच्या चाकांवर चालणारी आणि चारही चाकांवर चालणारी, असे तिचे दोन प्रकार होते. मागचं अंग गोलाकार, त्यावर स्पॉयलर नाही. जर्मनीच्या महामार्गांवर ताशी 180 च्या वर एकदम मार्गिका बदलताना किंवा वळताना या गाड्यांचं मागचं अंग सुटू लागलं. अपघात झाले, माणसं दगावली. 1999 च्या अखेरीपासून कंपनीने दोन्ही प्रकारच्या गाड्या परत बोलावल्या, सस्पेन्शन बदललं, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली आणि डिकीवर एक छोटा स्पॉयलर लावला. गाडी कुठलीही चाकं ओढोत, जोरात वळताना ती सरळ ठेवतात मागची चाकं. ती हलकी झाली की गाडी गरकन फिरते, आणि धुरजड गाडीत ती आधीच हलकी असतात. होंडा सिव्हिक टाइप आर पुढच्या चाकांवर चालते, तरी तिच्या पाठीवर मोठा पंख आहे तो याचसाठी. ती गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळायला घडवलेली आहे.

आमच्याकडे तो वेग कुठे आहे? शिर्डीजवळून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मोटारीला मर्यादा ताशी 120 ची. कोल्हार-घोटी रस्त्यावर हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे 40 मिळाले तरी पुष्कळ.

हॅचबॅकच्या छपराच्या टोकाला कंपनीच देते ती छज्ज्यासारखी पट्टी मात्र वेगळी. हॅचबॅकची मागची काच धुळीने माखते, सेडानची फारशी नाही, हे गळीत हंगामात कुणीही पाहावं. उभ्या पाठीमागे हवेची पोकळी होते आणि ती रस्त्यावरची धूळ वर ओढते. म्हणून हॅचबॅकला मागेही वायपर असतो. छपरावरची हवा कुठे तुटावी हे ती पट्टी ठरवते आणि मागची ओढ थोडी कमी करते. तिचा उपयोग इंधनाला होतो. उलट बाजारातला मोठा पंख हवा अडवतो आणि पेट्रोल जास्त खातो. डिकीच्या पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड उघडी राहिली, तर दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो, हे वेगळंच.

भाच्याला मी टायर दाखवले. खाच 1.6 मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही संपला, आणि त्याचे मागचे दोन तिथे पोचलेच होते. त्याच्याकडे दोनच टायरचे पैसे होते. नवे पुढे टाकू, ओढणारी चाकं तीच, असं तो म्हणाला. गॅरेजवालाही तेच म्हणाला. पण टायर कंपन्यांचा सल्ला बहुधा उलटा असतो, आणि कारण टीटीचंच: ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर पाय उचलून गाडी सावरता येते, मागची सुटली तर सावरायला वेळ मिळत नाही. नवे टायर मागे बसले, पुढचे त्यातल्या त्यात बरे होते ते पुढेच राहिले. डिकीवरच्या पेन्सिलीच्या खुणा त्याने ओल्या फडक्याने पुसून काढल्या.