दीर्घायुष्य : देवाचे देणे, माणसांच्या हाती

इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर, कनान देशातून आलेला एक म्हातारा उभा आहे. मुलखात दुष्काळ पडला म्हणून पोरानातवंडांसह त्याने गाव सोडले आहे. त्याचा मुलगा योसेफ हा फारोचा कारभारी, त्यामुळे ही भेट घडली. फारो त्याला वय विचारतो. याकोब सांगतो, १३० वर्षे. आणि लगेच म्हणतो की ही वर्षे थोडीच होती, कष्टाची होती, आपल्या वाडवडिलांच्या वयाला आपण पोहोचलो नाही. मग पोटासाठी परमुलखात आलेला हा म्हातारा त्या बलाढ्य सम्राटाला आशीर्वाद देतो आणि निघून जातो.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातला हा प्रसंग चारपाच ओळींचा आहे. दीर्घायुष्याकडे ख्रिस्ती श्रद्धा कसे पाहते, हे समजून घ्यायला मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. लांबलेले आयुष्य सुखाचेच असेल असे याकोब म्हणत नाही. तरीही ते देवाचे देणे आहे याविषयी त्याला शंका नाही. आणि आशीर्वाद देण्याचा अधिकार तिथे सत्तेला नाही, वयाला आहे.

९६९ आणि ३६५

बायबलमधली वये म्हटली की पहिले नाव निघते ते मथुशलहाचे. त्याचे वय ९६९. आदाम ९३० वर्षे जगला, नोहा ९५०. ही वर्षे अक्षरशः घ्यावीत की प्रतीक म्हणून वाचावीत, यावर ख्रिस्ती अभ्यासकांत मतभेद आहेत. पण यादीची मांडणी नीट पाहिली तर आकड्यांपलीकडचे काही हाती लागते.

प्राचीन सुमेरमध्येही जलप्रलयापूर्वीच्या पुरुषांची अशी यादी होती. तिच्यातला पहिला राजा अलुलिम २८,८०० वर्षे राज्य करतो. ती राजांची यादी आहे. उत्पत्तीच्या यादीत कोणी राजा नाही. बापाला मुलगा झाला, त्याला मुलगा झाला, एवढाच तिचा विस्तार. कोणाचेही वय हजारापर्यंत जात नाही, आणि जवळजवळ प्रत्येकाची नोंद मृत्यूपाशी संपते. अपवाद एकच, हनोख. तो देवाच्या सोबतीने चालला आणि देवाने त्याला नेले, असे त्याच्याविषयी सांगितले आहे. त्याचे वय ३६५, म्हणजे त्या यादीत सर्वांत कमी. आयुष्याची सर्वांत मोठी मापे जिथे नोंदवली आहेत, तिथेच देवाच्या सर्वांत जवळचा माणूस सर्वांत कमी वर्षांचा आहे. बायबलच्या पाचव्याच अध्यायात हा धडा येऊन बसला आहे.

पुढे वये उतरत जातात. अब्राहाम १७५, मोशे १२०, योसेफ ११०. मोशेच्या नावाने ओळखले जाणारे ९०वे स्तोत्र तर माणसाचे आयुष्य ७० वर्षांचे धरते, अंगात बळ असले तर ८०, आणि त्यातही बराचसा भाग कष्टाचा. त्या काळी सत्तरी गाठणारेही मोजकेच असणार. तरी स्तोत्रकर्ता देवाजवळ जादा वर्षे मागत नाही. दिवस मोजण्याची अशी शिकवण मिळावी, की त्यातून मन शहाणे होईल, एवढेच त्याचे मागणे आहे.

आज्ञा आणि तिच्यासोबतचे वचन

बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एकीला दीर्घायुष्याचे वचन जोडलेले आहे. आईवडिलांचा मान राख, म्हणजे देवाने दिलेल्या भूमीत तुझे दिवस पुष्कळ होतील, असा तिचा आशय. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या तिला पाचवी म्हणतात, कॅथलिक परंपरेत ती चौथी. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात वचनासह आलेली पहिली आज्ञा म्हणून तिचा मुद्दाम उल्लेख आहे.

लहानपणी ही आज्ञा आपण ऐकतो ती मोठ्यांचे ऐकावे, उलट बोलू नये या अर्थाने. पण दहा आज्ञा बैल, घर, चाकर बाळगणाऱ्या प्रौढ माणसांना उद्देशून आहेत. त्यांचे आईबाप म्हणजे काम होईनासे झालेले म्हातारे. पेन्शन नाही, दवाखाना नाही, अशा समाजात त्यांच्या ताटात भाकरी पडते की नाही, हा आज्ञेचा खरा विषय आहे.

हे ध्यानात आले की वचनाचा अर्थ उलगडतो. ज्या भूमीत म्हाताऱ्यांना मान आहे, त्याच भूमीत माणसाला निर्भयपणे म्हातारे होता येते. आज मी आईला जपतो, ते पाहत वाढलेला मुलगा उद्या मला जपतो. दीर्घायुष्य देवाचे देणे खरे, पण ते पोहोचते पुढच्या पिढीच्या हातून. एकट्याने भोगता येईल असे हे वरदानच नाही.

जखऱ्या संदेष्ट्याने पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे जे चित्र रंगवले, त्यात हेच आहे. वयामुळे हाती काठी घेतलेले म्हातारे आणि म्हाताऱ्या शहराच्या चौकांत निवांत बसल्या आहेत आणि तिथेच रस्तेभर मुले-मुली खेळत आहेत. देवाने आशीर्वाद दिलेल्या नगराची खूण म्हणून त्याला ना तटबंदी सुचली, ना खजिना.

येशू या आज्ञेबाबत फार कडक होता. आईबापांना द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने खडसावले. धर्माच्या नावाने घरच्या वृद्धांना उपाशी ठेवणे त्याला देवाचीच अवज्ञा वाटली. आणि वधस्तंभावर, श्वास घेणेही कठीण असताना, त्याने समोर उभ्या आईला आपल्या लाडक्या शिष्याच्या हवाली केले. योहानाच्या शुभवर्तमानानुसार त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले.

मग चांगली माणसे लवकर का जातात?

हा प्रश्न बायबल टाळत नाही. योशीया हा यहूदाचा अत्यंत नीतिमान राजा. आठव्या वर्षी गादीवर आला, ३१ वर्षे राज्य केले आणि लढाईत पडला, म्हणजे जेमतेम ३९ वर्षांचा. उपदेशक या पुस्तकाचा लेखक सरळ नोंदवतो की नीतिमान नाश पावतो आणि दुष्ट पुष्कळ जगतो, हे आपण पाहिले आहे.

हिज्कीया राजाची गोष्ट आणखी विचार करायला लावते. मरणाच्या दारातून त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याला १५ वर्षे वाढवून दिली. त्या वाढीव वर्षांत त्याने बाबेलच्या वकिलांना मोठ्या तोऱ्यात आपला सारा खजिना दाखवला. त्याच वर्षांत त्याला मनश्शे हा मुलगा झाला, जो पुढे यहूदाच्या सर्वांत दुराचारी राजांपैकी एक ठरला. वर्षे मिळाली म्हणजे त्यांचे चीज झालेच, असे नाही. याच्या उलट शलमोन. देवाने काय हवे ते माग म्हटल्यावर त्याने दीर्घायुष्य मागितले नाही, न्याय करण्याची समज मागितली.

आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी जो आहे, तो तेहतिशीच्या आसपास मारला गेला. दीर्घायुष्य हेच देवाच्या प्रेमाचे माप असते तर हा धर्म उभाच राहिला नसता. पुनरुत्थानावरच्या विश्वासाने वर्षांच्या संख्येवरचा भार हलका केला. आयुष्य इथेच संपत नाही, म्हणून इथली वर्षे मुठीत गच्च धरून ठेवायची नाहीत; ती कृतज्ञतेने घ्यायची आणि मोकळ्या हाताने वापरायची.

म्हणूनच श्रद्धा घट्ट असेल तर आजार जवळ येणार नाही, असे सांगणाऱ्या प्रचाराने मला फार दुःख होते. ऐन तारुण्यात कर्करोगाने गेलेल्या मुलीच्या आईवडिलांनी यातून काय ऐकायचे? बायबलच्या ईयोब या पुस्तकात संकटांनी घेरलेल्या ईयोबाला त्याचे मित्र हेच ऐकवत होते, तुझेच काही चुकले असणार म्हणून. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. दीर्घायुष्य हे दान आहे. त्याला मजुरी समजले की ज्याला ते मिळाले नाही तो आपोआप गुन्हेगार ठरतो.

एका आंधळ्या आजीला दिलेला बिछाना

१८३९च्या हिवाळ्यात फ्रान्समधल्या सेंट-सेर्व्हान गावी झान ज्युगाँ या ४७ वर्षांच्या, मोलमजुरी करून पोट भरणाऱ्या बाईने आन शोव्हँ या आंधळ्या, अर्धांगाने लुळ्या झालेल्या वृद्धेला आपल्या भाड्याच्या जागेत आणले. जिना चढून तिला वर नेले, स्वतःचा बिछाना तिला दिला आणि आपण माळ्यावर झोपायला गेली. मग दुसरी आजी आली, तिसरी आली. झान टोपली घेऊन दारोदार मागू लागली. यातून ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संन्यासिनींचा संघ उभा राहिला. आज अनेक देशांत, आपल्या मुंबईतही, निराधार वृद्धांना तो घर देतो. झानला मात्र १८५२मध्ये बाजूला सारले गेले आणि शेवटची २७ वर्षे तिने जवळजवळ अज्ञातवासात काढली. संघाची संस्थापिका आपल्यासोबत राहते, हे तरुण सिस्टरांना ठाऊकही नव्हते. १८७९मध्ये ८६व्या वर्षी ती गेली. २००९मध्ये चर्चने तिला संत घोषित केले. इतरांच्या म्हातारपणाला तिने छत दिले आणि स्वतःचे म्हातारपण तक्रार न करता पेलले.

श्रद्धा आणि सवयी

देवाचे देणे रोजच्या सवयींतूनही येते. सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक तंबाखू आणि दारूला शिवत नाहीत, पुष्कळजण शाकाहारी असतात आणि शनिवारी काम बंद ठेवून विश्रांती व उपासना करतात. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ याच पंथाचे. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅडव्हेंटिस्टांचा मोठा अभ्यास २००१मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या इतर गोऱ्या रहिवाशांच्या तुलनेत या पंथातले पुरुष सुमारे ७ वर्षे आणि स्त्रिया सुमारे ४ वर्षे जास्त जगत असल्याचे त्यात आढळले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १८० कॅथलिक सिस्टरांनी तरुणपणी लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तांचा अभ्यासही आला. ज्यांच्या लिखाणात आनंद, आशा, कृतज्ञता अधिक होती, त्या साधारणपणे जास्त जगल्या. फ्रान्सच्या सिस्टर आंद्रे ११८ वर्षांच्या होऊन जानेवारी २०२३मध्ये निवर्तल्या, तेव्हा त्या जगातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्ती म्हणून नोंदलेल्या होत्या. देव आणि दिनक्रम यांत ख्रिस्ती माणसाला झगडा दिसत नाही; शरीर हेही सोपवलेले धन आहे, ते जपायचे.

पुढच्या हाती

देवाचे देणे पुढच्या हाती सोपवण्याचा हा विचार मराठी ख्रिस्ती परंपरेने जगून दाखवला. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९मध्ये गेले तेव्हा साठीलाही पोहोचले नव्हते. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गमावली, तरी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्याचे काम सोडले नाही. ते संपवून १९२२मध्ये वयाच्या ६३व्या वर्षी त्या गेल्या. केडगावचे मुक्ती सदन आजही उभे आहे. या आयुष्यांना कोणी थोडकी म्हणेल का?

७१व्या स्तोत्रात एक वृद्ध देवाला विनवतो : केस पिकले तरी मला टाकू नकोस, येणाऱ्या पिढीला तुझे सामर्थ्य सांगेपर्यंत तरी नाही. या प्रार्थनेचे अर्धे उत्तर देवाजवळ आहे, अर्धे आपल्याजवळ. त्याला सांगायचे आहे, म्हणजे ऐकणारा कोणीतरी हवा. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घेऊन जाणारे धर्मगुरू असतात, औषधांचे पैसे भरणारी मुले असतात. पण बाजूला बसून आजीआजोबांचे ऐकणारे कमी होत चालले आहेत. वर्षे देव देतो. ती आशीर्वाद म्हणून जगता येतील असे घर, असा शेजार, अशी मंडळी उभी करणे त्याने आपल्यावर सोपवले आहे, आणि आईवडिलांचा मान राखण्याच्या त्या आज्ञेतून कोणाचीच सुटका नाही.