संशयित इसम

नवी मुंबईतल्या आमच्या सोसायटीत चोरी झाल्याचे कित्येक वर्षांत ऐकिवात नाही. शेवटचा मोठा गुन्हा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून गेलेली एक चप्पल. ती कुत्र्याने नेली, हे कॅमेऱ्यात निष्पन्न झाले. तरीही आमच्या शेजाऱ्यांइतकी घाबरलेली माणसे आम्ही फौजदारी कोर्टाच्या आवारातही पाहिलेली नाहीत.

१९७० साली सिडको स्थापन झाली. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे सेक्टर आखले गेले, रुंद रस्ते, शाळा, बाजार झाले. शहर मोकळे आखले होते. भिंती मागाहून आपण वाढवल्या. आज आमच्या फाटकावर वही आहे, मोबाइलवर ॲप आहे आणि प्रत्येक जिन्यात कॅमेरा आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो झळकला. ‘बी विंगमागे संशयित इसम. झाडाकडे टक लावून पाहत आहे.’ अकरा जणांनी चिंता व्यक्त केली, चौघांनी पोलिसांना कळवा म्हटले. फोटो पाठमोरा होता. तो इसम आम्हीच! झाडावर भारद्वाज बसला होता आणि आमच्या अंगात जुना सदरा होता. काळा कोट असता तर हेच लोक ‘नमस्कार, वकीलसाहेब’ म्हणाले असते. म्हणजे संशय माणसावर नव्हता, सदऱ्यावर होता.

आमचा सदरा बदलता येतो. ज्यांचा बदलता येत नाही त्यांचे काय? धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या हाती घराची किल्ली दिली जाते, पण फाटकातून बाहेर पडताना त्यांची पिशवी तपासली जाते. त्यांची लिफ्टही वेगळी. तिच्यावर पाटी आहे, ‘सामान व कामगारांसाठी’. आधी सामान, मग माणूस! फाटकावरचा रक्षक बारा तास आमची झोप राखतो आणि ज्या वस्तीच्या नावाने आम्ही दचकतो तिथेच जाऊन झोपतो.

महाराष्ट्रात खासगी सुरक्षारक्षकांची नोकरी व कल्याण यांसाठी १९८१ चा कायदा आहे. सभेत आम्ही तो काढला. सचिव म्हणाले, “साहेब, मेंटेनन्स वाढेल.” त्याच सभेत आठ नवे कॅमेरे एकमताने मंजूर झाले. कॅमेऱ्याला रजा लागत नाही, खुर्ची लागत नाही.

संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता आहे आणि तिच्यासोबत व्यक्तीची प्रतिष्ठाही आहे. ती फाटकावरच्या वहीत नोंद करून आत येत नाही. शेजारी ओळखीचा झाला की भीती कमी होते. भिंत उंच केली की वाढते. एवढा साधा हिशेब आमच्या सोसायटीच्या ताळेबंदात बसत नाही.

पुढच्या सभेसाठी आम्ही ठराव दिला आहे: लिफ्टवरची पाटी उतरवावी, रक्षकांना कायद्याप्रमाणे द्यावे, आणि पिशव्या तपासायच्याच असतील तर सुरुवात अध्यक्षांपासून करावी. सूचक आम्ही आहोत. अनुमोदक अद्याप मिळालेला नाही. संशयित इसमाला अनुमोदन देणार कोण?