मोजपट्टी कोणाच्या हाती?

गुणवत्तेचा विषय निघाला की प्रस्थापितांचा आवाज चढतो. गुणवत्ता म्हणजे जणू आकाशातून पडलेली वस्तू! ती मोजणारा माणूस कोण, त्याची मोजपट्टी कोणती, त्याचे पूर्वग्रह काय, हे विचारायचेच नाही. म्हणून आज आम्ही वाचकांना अमेरिकेतील एका बाजारात नेत आहोत. तेथे गुणवत्ता इंचात, सेकंदात आणि पौंडात मोजतात. कोट्यवधी डॉलर पणाला लागलेले असतात आणि निवड चुकली तर संघ बुडतो. निदान तेथे तरी निखळ गुणवत्ता पाहिली जात असेल, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती काय आहे?

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, फेकून, धडका देत प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत शिरायचे, असा तो खेळ आहे. नॅशनल फुटबॉल लीग या त्याच्या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत. दरवर्षी एप्रिलच्या सुमारास 'ड्राफ्ट' होतो. महाविद्यालयांत खेळून तयार झालेले तरुण सात फेऱ्यांत निवडले जातात. सर्वांत खाली राहिलेल्या संघाचा निवडीचा हक्क सर्वांत आधी. खेळाडूला संघ निवडता येत नाही, संघ खेळाडूला निवडतो. क्रमांक जितका वरचा, तितका पहिला करार मोठा.

त्याआधी इंडियानापोलिस शहरात तीनशेहून अधिक तरुणांची तपासणी होते. ४० यार्ड किती सेकंदांत धावतो, २२५ पौंडांचे वजन किती वेळा उचलतो, जागच्या जागी किती उंच उडतो, हे पाहिले जाते. हाताची लांबी आणि पंजाची रुंदीसुद्धा मोजतात. डॉक्टर जुन्या दुखापती चाचपतात. या प्रकाराला गुलामांच्या बाजाराची उपमा अनेकांनी दिली आहे. येथे तरुण स्वेच्छेने येतो आणि करार घेऊन जातो, हा फरक आम्ही नाकारत नाही. पण लीगमधील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय असूनही एकाही संघाची मुख्य मालकी आजवर कृष्णवर्णीयाकडे गेलेली नाही, हेही तितकेच खरे.

घड्याळाला रंग नसतो. ४० यार्डांची वेळ गोऱ्याची असो वा काळ्याची, सारखीच नोंदली जाते. भेदभाव सुरू होतो तो घड्याळ संपते तेथे, म्हणजे पायांकडून डोक्याकडे वळल्यावर! या खेळात 'क्वार्टरबॅक' हा मैदानावरचा सूत्रधार. डाव तो चालवतो, चेंडू कोणाकडे जाणार हे क्षणात तो ठरवतो. काळा तरुण धावेल, धडका देईल, पण डोके चालवायचे काम त्याचे नव्हे, अशी समजूत दशकानुदशके मुरलेली होती.

वॉरेन मून याचे उदाहरण घ्या. १९७८ च्या जानेवारीत त्याने वॉशिंग्टन विद्यापीठाला 'रोझ बाऊल' हा मानाचा सामना जिंकून दिला आणि तो त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला एकाही संघाने निवडले नाही. जागा बदल, दुसरे काही खेळ, हा सल्ला त्याला होता. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून सलग पाच वेळा विजेता ठरला. १९८४ मध्ये अमेरिकेतील लीगला त्याला बोलवावे लागले आणि २००६ मध्ये तेथील 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याला स्थान मिळाले.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. मग २०१८ पाहा. लामार जॅक्सन याने २०१६ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च असा 'हाइजमन' पुरस्कार क्वार्टरबॅक म्हणून मिळवला होता. तरीही संघबांधणीत नावाजलेले बिल पोलियन यांनी त्याला चेंडू झेलणाऱ्याची जागा घेण्याचा सल्ला दिला. जॅक्सन बधला नाही. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. पुढच्याच, २०१९ च्या हंगामात तो एकमताने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपण चुकलो, हे पोलियन यांनी मग मान्य केले.

यावर एक युक्तिवाद होतो. चुका गोऱ्यांच्या बाबतीतही होतात. टॉम ब्रॅडी २००० मध्ये १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे सात वेळा विजेता ठरला! युक्तिवाद बरोबर आहे, पण अपुरा आहे. ब्रॅडीला उशिरा बोलावले, मात्र 'ही जागा तुझी नव्हे' असे त्याला कोणी सांगितले नाही. मून आणि जॅक्सन यांना नेमके तेच सांगितले गेले. एक चूक क्रमांकाची आहे, दुसरी चूक पायरीची आहे. पायरी म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

बुद्धी मोजण्याचे प्रयत्नही झाले. १२ मिनिटांत ५० प्रश्नांची 'वंडरलिक' चाचणी अनेक वर्षे चालली. २०२२ मध्ये लीगने ती तपासणीतून काढून टाकली. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड या तरुणाचे दुसऱ्या एका बौद्धिक चाचणीतील कमी गुण ड्राफ्टच्या तोंडावर बाहेर फुटले आणि त्याच्या आकलनाविषयी गावभर चर्चा झाली. त्या हंगामात आक्रमणातील सर्वोत्तम नवोदित खेळाडू कोण ठरला? हाच स्ट्राउड!

आणि ही मोजपट्टी खेळाडूचा पिच्छा निवृत्तीनंतरही सोडत नाही. डोक्याला बसलेल्या धडकांमुळे मेंदूचे नुकसान झालेल्या माजी खेळाडूंसाठी भरपाईची तडजोड झाली. त्यात कृष्णवर्णीयांची बुद्धी मुळातच कमी होती असे धरून हिशेब करण्याची पद्धत वापरली गेली. बुद्धी आधीच कमी धरली की ऱ्हास सिद्ध करणे अवघड आणि भरपाई बुडालीच. दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये न्यायालयात दाद मागितली, २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तो बदल मंजूर केला. हा न्याय दयेने आलेला नाही, तो लढून मिळवलेला आहे.

आमच्या देशातही सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया खटल्यात १९८० मध्ये सांगितले की, प्रवेशासाठी तोंडी मुलाखतीला १५ टक्क्यांहून अधिक गुण ठेवणे मनमानी ठरेल. लेखी गुण कागदावर दिसतात; मुलाखतीत परीक्षकाच्या डोळ्यांना काय दिसते, ते कोण तपासणार? इंडियानापोलिसच्या घड्याळात आणि मुलाखतीच्या बंद खोलीत हाच फरक आहे.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आम्ही गुणवत्तेच्या विरोधात नाही. तपासणी न झालेल्या मोजपट्टीच्या विरोधात आहोत. निकष आधी लिहून ठेवा. निवडीनंतर अंदाज किती खरे ठरले, याचा हिशेब जाहीर करा. मोजणाऱ्यांच्या रांगेत सर्व समाजांची माणसे बसवा. फेब्रुवारी २०२३ च्या अंतिम सामन्यात प्रथमच दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय होते: पॅट्रिक माहोम्स आणि जॅलन हर्ट्स. ही बुद्धी त्या वर्षी उगवली काय? ती आधीपासूनच होती. तिला जागा नाकारणारे हात तेवढे मागे सरले. आपल्याकडील हात कधी सरणार, हा प्रश्न विचारत राहणे हे चळवळीचे काम आहे!