विश्लेषण : ऊसपट्ट्यात सायकल रस्त्यावर चालवावी की जिममध्ये?

जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचा तिसरा टप्पा पुरंदरहून बारामतीत आला. शर्यतीसाठी रस्ता मोकळा होता. एरवी याच महिन्यात बारामती-इंदापूर पट्ट्यात गळीत हंगाम ऐन भरात असतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांकडे उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या निघतात. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पहाटेच्या अंधारात सायकलस्वाराला अगदी जवळ गेल्यावरच दिसते. त्यामुळे ‘बाहेर की जिममध्ये’ हा प्रश्न इथे केवळ आवडीचा नाही.

स्पिनिंगमध्ये वेगळे काय?
स्पिनिंगच्या सायकलला जड फ्लायव्हील असते आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ते पेडलला थेट जोडलेले असते. पाय थांबवायचे म्हटले तरी चाक ते फिरवत राहते. रस्त्यावर उतार लागतो, चौक येतो, ओळखीचे कोणी भेटते आणि पायांना उसंत मिळते. क्लासमध्ये गाण्याच्या ठेक्यावर पाऊण तास ती मिळत नाही. वेळ कमी असणाऱ्यांच्या हा फायद्याचा भाग आहे.

धोकाही त्यातच आहे. पहिल्याच क्लासनंतर ‘रॅब्डोमायोलिसिस’ झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. यात स्नायूंच्या पेशी फुटून त्यातील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मांड्या सुजून असह्य दुखू लागल्या किंवा लघवी गडद तपकिरी झाली, तर घरगुती उपाय न करता लगेच डॉक्टरांकडे जावे. नवख्यांनी सुरुवातीला रेझिस्टन्स कमीच ठेवावा, प्रशिक्षक काहीही ओरडोत.

मग रस्त्यावर काय मिळते?
तोल, ब्रेकचा अंदाज आणि वारा. ताशी 20 किलोमीटरच्या पुढे बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते. इंदापूरकडचा रस्ता सपाट असला तरी उघड्या माळावर समोरून वारा सुटला, की तोच घाट होतो. पण हाच वारा घाम सुकवून अंग थंड ठेवतो. जिममध्ये तो नसतो, म्हणून तिथे पंखा आणि पाण्याची बाटली हवीच.

केव्हा काय?
साधारण नोव्हेंबर ते मार्च पहाटे अंधार असेल तर जिम बरी. बाहेर जायचेच तर उजाडल्यावर, हेल्मेट घालून आणि मागचा लाल दिवा लावून. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी गाठतो, पण उजाडते लवकर आणि ट्रॉल्याही नसतात. तेव्हा ऊन चढण्याआधीचा रस्ता सायकलवाल्यांचाच असतो.